पाच तारे

जाहिरातीत ही इंटरनेट कंपनी अख्खा देश जोडते. तिच्या गोदामात मात्र महिनाभर केबलचा तुकडा नव्हता. तरी तक्रार त्याच दिवशी मिटलीच पाहिजे. म्हणून नबील बिबवेवाडीतल्या तुटलेल्या लाइनी नुसत्या बघून यायचा आणि मोबाइलवर 'दुरुस्त' दाबायचा. साहेबांचाच तसा हुकूम होता.

आज तिथल्या मंदाकिनीबाईंनी त्याला आपल्या दारातच गाठलं. "दुरुस्त झाल्याचा मेसेज मात्र वेळेवर येतो हो तुमचा!"

मान खाली घालून तो घरी आला, तर बायको नाजिमा तापलेली. त्यांचंही इंटरनेट कालपासून बंद होतं आणि तक्रार त्याच्याच सोबत्याकडे, आमोदकडे गेली होती.

"आला नाही, फोन नाही, आणि म्हणे दुरुस्त झालं! वर विचारतात, किती तारे देणार? एकच देते मेल्याला."

नबीलने तिच्या हातून मोबाइल घेतला आणि पाच तारे दाबले. एक जरी कमी पडला, तरी साहेब माणसाला सगळ्यांसमोर सोलून काढतो.

"अहो, मग आपली लाइन?"

"उद्या परत तक्रार कर. उद्या इथली ड्यूटी माझी आहे."

"मग कराल ना दुरुस्त?"

"'दुरुस्त' दाबीन," नबील म्हणाला. "तू पाच तारे दे."