ल्हामोचं मडकं

अठ्ठ्याहत्तर सालच्या धानाच्या रोवण्याला माझ्या टोळीत दहा बाया होत्या आणि अकरावी ल्हामो. ती जंगलाकडच्या तिबेटी वसाहतीतली, बर्फाच्या मुलखातून येऊन आमच्या भंडाऱ्याच्या चिखलात उभी राहिलेली. परे, म्हणजे धानाची रोपं, लावायला वाकली की दुपारपर्यंत पाठ सरळ करायची नाही. खरं सांगते, तिच्या चिवटपणाचा मला हेवा वाटायचा.

पण तिला एक खोड होती. चिखलात गांडूळ दिसो की बेडूक, काम टाकून ती त्याला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नेऊन सोडायची. खेकडेसुद्धा सोडायची, आणि ते तर आमचं संध्याकाळचं कालवण. बुद्धाचे आम्हीही, पण खेकडे खाणारे.

"मोठं जनावर मारलं तर गाव जेवते, दीदी," ती म्हणायची. "याच्यात दहा जीव जाते, पोट नाही भरत."

आमच्या चुलीवर खेकडे, म्हणून इथं आल्यापासून चार वर्षांत ती गावात कोणाच्याच घरी जेवली नव्हती.

या सोडासोडीत तिची ओळ मागं राही. शेवटी मालक भैय्यालालनं मला बजावलं, "धुरपता, उद्या ओळ मागं राहिली त तिले काढून टाक." तिच्या घरी म्हातारी आई, दुसरं काम नाही. तरी मी तिला ते तसंच सांगितलं. ती नुसती मान हलवून गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी बांधीवर पोचले, तर ल्हामो टोपली घेऊन चिखलात.

"एवढ्या पायटे काय करून राहिली व?"

"गांडूळ-बेडूक आधीच वेचते. मग ओळ मागं नाही राहत."

तिनं धुऱ्यावरचं मडकं दाखवलं. वर पळसाचं पान, आत खेकडे. "हे तुमचे. मी नाही सोडले." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. ओठ हलत होते.

"काय पुटपुटते?"

"त्यांची माफी मागते."

 तिचं आणि आमचं, दोन्ही सांभाळायला ही बाई अंधारात उठली होती. मी माझं एकच सांभाळताना दिवसभर चिडते.

त्या दिवशी तिची ओळ सगळ्यांच्या पुढं होती. भैय्यालाल धुऱ्यावरून ती बघून पुढच्या बांधीकडे गेला.

परतताना मी ते मडकं तलावात उपडं केलं. बायांना काय सांगायचं ते उद्या बघू म्हटलं आणि ल्हामोला हाताला धरून घरी आणलं. चुलीवर नुसती अंबाडीची भाजी पाहून माझा नवरा तेजराम म्हणाला, "आज खेकडे नाही गवसले काय?"

"गवसले होते," मी म्हटलं. "पण आज ल्हामो जेवाले आहे."