ढिलं पान

"दादामियाँ, पुन्हा ताणलात ना ढोल?" शालूबाईंनी हात खाली घेतला. चर्चमधली वीस गाणारी माणसं गप्प झाली.

"पान ढिलं पडलं होतं, बाई. हवा दमट आहे."

"मला ढिलंच हवंय. किती वेळा सांगायचं? आता पत्र टाकून कळवू का?"

शालूबाईंनी बायबलातल्या एका स्तोत्राला नवी चाल लावली होती. चाल म्हणायची इतकंच. गाणारे चार वाटांनी जात आणि मधूनच ढोल वाजे. शेवटी सगळे थांबले की तीन ठोके, तेही मुके. बुधवार पेठेत चाळीस वर्षं ढोल मढवणाऱ्याकडे मुका ढोल मागणं म्हणजे हलवायाकडे कडू पेढा मागणं. वाजवण्याआधी दादामियाँचा हात आपसूक दोरीतल्या कड्यांकडे जाई आणि कातड्याचं पान ताणून मोकळा होई.

"आणखी एकदा ताणलात, तर ते ठोके मी टेपवर वाजवीन," बाई म्हणाल्या.

घरी बायको, सुगराबी, हसली. "द्या की त्यांना हवा तसा. तुमचं काय जातंय?"

"माझं नाव जातंय."

सोमवारी सकाळी भाकरी थापताना सुगराबी कलंडली, ती गेलीच. दुपारी कबरीवर फळ्या बसल्या. दादामियाँनी तीन मुठी माती टाकली. रडू आलं नाही. आतलं सगळं कुणी काढून नेलं होतं. फळ्यांवर माती पडली, तेवढं ऐकू आलं.

गुरुवारी त्यांनी ढोल उचलला, तेव्हा मेहुणा नासिर म्हणाला, "कालच तिसऱ्या दिवसाची जियारत झाली. आज वाजवायला निघालात?"

"बाईंना शब्द दिलाय."

चर्चमध्ये स्तोत्र संपलं. बाईंनी खुणेची मान हलवली. दादामियाँचा हात कड्यांकडे गेला, आणि तसाच मागे आला. त्यांनी तीन ठोके दिले. तोच आवाज. फळ्यांवरच्या मातीचा.

"आज अगदी बरोबर लागला," शालूबाई नंतर म्हणाल्या. त्यांना घरचं काही ठाऊक नव्हतं. "काय केलंत?"

"काही नाही, बाई. राहू दिला तसाच."

शनिवारी दुकान उघडलं. ढोलकी घेऊन आलेल्या संपतनं खुंटीवरच्या त्याच ढोलावर टिचकी मारली. "दादामियाँ, हा पार ढिला झालाय की. तुमच्या दुकानात असा?"

"असू दे," ते म्हणाले, आणि त्याची ढोलकी ताणायला घेतली.