एक पायरी खाली

टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढून भीमराव निवृत्त झाले, वारज्यात दोन गुंठे जागा घेतली आणि घराच्या बाबतीत एकच हट्ट धरला: दर्शनी बाजूला, घराच्या रुंदीइतकी, छपराची पडवी. खोल्या किती नि मोरी कुठं, ते सगळं त्यांनी मुलीवर सोडलं. मुलगी पायल सॉफ्टवेअर कंपनीत होती, तिनंच कर्वे रोडवरचा साईनाथ नावाचा डिझायनर शोधला. साल २००४. अख्खं घर कॉम्प्युटरवर उभं करून दाखवणारे तेव्हा पुण्यात मोजकेच होते, आणि त्यांचा रुबाब मात्र मोजण्यापलीकडचा.

"काका, हा तुमचा पोर्च," साईनाथ म्हणाला.

भीमरावांनी चष्मा सावरून पडद्यावर बघितलं. चार खांब, वर कौलं, अंगणातून चढायला तीन पायऱ्या, कुंड्यासुद्धा. सगळं झकास होतं. फक्त पडवीतून घरात शिरताना उंबऱ्यापाशी आणखी एक पायरी होती. मागच्या खेपेला होती तशीच. त्याच्या मागच्या खेपेलाही हीच होती, आणि दोन्ही वेळा साईनाथनं "करतो काका" म्हणून मान डोलावली होती. पालथ्या घड्यावर पाणी!

"ही पायरी अजून इथंच?"

"पोर्च एक स्टेप खालीच येतो, काका. सॉफ्टवेअरच तसा घेतं."

"मग ते सॉफ्टवेअर शहाणं की तुम्ही, तेवढं एकदा ठरवा. पडवी आणि घर एका पातळीत पाहिजे."

"पावसाचं पाणी आत येईल."

"पाण्याला बाहेरच्या बाजूला उतार देतात. तुमच्या जन्माआधीपासून देतात."

साईनाथ हसला. हट्टी म्हाताऱ्याची समजूत काढायच्या सुरात म्हणाला, "प्रॅक्टिकली बघा ना. गॅसवाला येतो, कुरिअरवाला येतो, कोण कोण येतं. त्यांनी पोर्चमध्येच थांबावं. एक पायरी असली की माणसाला आपोआप कळतं, आपण कुठपर्यंत यायचं. ज्याची त्याची पायरी असते."

भीमरावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ते खुर्चीतून उठलेच.

"कळतं! फार चांगलं कळतं! चौथीत मला स्कॉलरशिप मिळाली, तेव्हा गुरुजींना सांगायला त्यांच्या घरी गेलो होतो. ते पडवीत बसले होते. म्हणाले, तिथंच थांब, तिथूनच वाच. मी अंगणात उन्हात उभा राहून माझं नाव वाचलं, मार्क वाचले. शाबास म्हणाले. पेढा पायरीवर ठेवला, नुसत्या दगडावर, आणि आत गेले. ते आत गेल्याशिवाय तो उचलायचा नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही म्हणता तसं आपोआप कळत होतं!"

साईनाथचा हात माऊसवर तसाच राहिला. बाबांना पडवी हवी ती सकाळच्या चहाला नि पेपरला, असंच पायल आजवर धरून चालली होती. गेल्या आठवड्यात तिनंच त्यांना, "एका पायरीचं काय एवढं?" असं विचारलं होतं. ते आठवून तिला स्वतःचाच राग आला, आणि तो तिनं साईनाथवर काढला.

"तुम्ही पोर्च म्हणून काढताय, म्हणून ते फ्लोअर खाली नेतंय. रूम म्हणून काढा. मग तीन बाजूंच्या भिंती उडवा आणि खांब लावा. फ्लोअर घराचाच राहील."

जे तीन खेपांत होत नव्हतं, ते चार मिनिटांत झालं. पायरी गेली. फरशी पडवीतून सरळ घरात गेली.

"आता चालून बघा, काका," साईनाथ खालच्या आवाजात म्हणाला. "ही बाणाची कळ दाबून धरली की आपण पुढं जातो. नजरेची उंची साडेपाच फूट ठेवलीय."

"चार करा."

साईनाथनं पायलकडं बघितलं. तिनं मानेनंच हो म्हटलं. त्यानं चार फूट केली, आणि पडद्यावरचं घर एकदम मोठं दिसायला लागलं.

भीमरावांनी कळ दाबली. फाटक गेलं, अंगण आलं, पडवीच्या पायऱ्या जवळ आल्या, आणि पहिल्या पायरीपाशी त्यांचं बोट आपसूक वर उचललं गेलं.

ते त्या बोटाकडं बघतच राहिले. गाव सुटून चाळीस वर्षं झाली होती. स्वतःची जागा, स्वतःचं घर, स्वतःची पडवी, आणि हे बोट अजून अंगणातच उभं! साईनाथचा आला नव्हता इतका राग त्यांना त्या बोटाचा आला.

"बाबा, दाबून धरा," पायल म्हणाली.

त्यांनी कळ अशी दाबली की कीबोर्ड टेबलावर मागं सरकला. पायऱ्या गेल्या, पडवी गेली, दार गेलं, हॉल गेला, स्वयंपाकघर आलं.

"काका, थांबा, पुढं भिंत आहे."

"असू दे," भीमराव म्हणाले, आणि बोट उचललं नाही.