दहावा रोजा

हजला गेलेल्या वेल्डरला आणि त्याच्या आईला तिथे एकेक बकरा कुर्बान करायचा होता. पण लेक उन्हाने आडवा झाला आणि आईच्या बकऱ्याचे पैसे त्याच्या औषधपाण्यात गेले. ज्याला कुर्बानी जमत नाही त्याने दहा रोजे धरायचे, तीन तिथे आणि सात घरी परतल्यावर. आईने बिनतक्रार तेच पत्करलं.

नऊ पार पडले. दहाव्याला दुपारी ती ओट्यापाशीच कोसळली. साखरेचं दुखणं जुनं होतं. अंग घामाने भिजलं, ओठ पांढरे पडले.

लेक साखरपाण्याची वाटी घेऊन धावला. "आई, तोंड उघड. आजाऱ्याला सूट असते. हा नंतर धर."

"नंतरचं कुणी पाहिलंय? दिवस मावळू दे."

"त्याला तीन तास आहेत," त्याची थोरली बहीण ओरडली, "त्याआधी तूच मावळशील!"

"तुझ्या जिभेला मात्र कधी रोजा नाही," आई पुटपुटली आणि तिने दात घट्ट आवळले. तिचे डोळे फिरू लागले.

वेल्डरने एका हाताने तिचा जबडा दाबून उघडला आणि वाटी ओतली. अर्धं पाणी गळ्यावर सांडलं, अर्धं आत गेलं.

घटकाभराने ती सावध झाली. ओठांवर जीभ फिरवताच तिला गोड लागलं.

"शेवटचा होता रे," एवढंच ती म्हणाली.

चौथ्या दिवशी ती गेली. तोवर पाणी तिने लेकीच्याच हातून घेतलं.