चौथा बाण

वुर्यानीच्या चार बांबूच्या बाणांपैकी दोन एकाच महिन्यात चिरले, दुसरा आणि तिसरा. अकरा वर्षं वापरलेले बाण होते, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. नवे करून घ्यावेत तर ते करणाऱ्या म्हाताऱ्या म्बाह दिमुनना आता दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसत होतं. काडी सरळ आहे की नाही हे ते ओठांवरून फिरवून अजूनही ओळखत, पण पिसं चिकटवणं त्यांच्या आवाक्यात राहिलं नव्हतं. म्हणून तिने कार्बनचे बाण घ्यायचं ठरवलं. तिरंदाजी मंडळाने तशी परवानगी दिलीच होती. धनुष्य मात्र बांबूचंच हवं, आणि बसायचं मांडी घालूनच.

बाण अजेंगने मागवून दिले. अजेंग चोवीस वर्षांची, गावाच्या कचेरीत कामाला, मंडळात येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती. पुर्वोरेजोच्या मेळाव्याला मंडळाकडून तीन बायका जायच्या. पहिल्या दोघींबद्दल कुणाला शंका नव्हती. तिसरी जागा सहा वर्षं वुर्यानीची होती आणि यंदा त्या जागेवर अजेंगचा डोळा होता. हे दोघींनाही माहीत होतं. तरी अजेंगने स्वतःचे बाण मागवताना हिचेही मागवले.

वुर्यानी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. बाण आले त्या दिवशी तिने ते प्रयोगशाळेतल्या तराजूवर ठेवले. एकवीस पूर्णांक चार, एकवीस चार, एकवीस पाच, एकवीस चार ग्रॅम. मग सहज म्हणून जुनेही ठेवले, चिरलेल्यांसकट. पहिले तीन बावीसच्या आसपास होते. चौथा सव्वीसला थोडा कमी भरला. तिने आकडे वहीत लिहिले आणि हातकामात एवढं मागेपुढे होणारच, असं म्हणून वही मिटली.

मंडळाची तिरंदाजीची मोठी बैठक, जावाच्या पाच दिवसांच्या चक्रातला क्लिवोन रविवारी आला की, म्हणजे दर पस्तीस दिवसांनी भरे. त्या रविवारी ती नवे बाण घेऊन बसली. तीस मीटरवर पोत्यांच्या राशीपुढे नेमाची दांडी, बंदुल, लोंबत होता, दीड वीत लांब, तीन बोटं जाड, वरचं टोक लाल, बाकी पांढरा. पांढऱ्याला लागला तर एक गुण, लाल डोक्याला लागला तर तीन, आणि लागला की वरची घुंगरं वाजतात. एका फेरीत चार बाण, अशा वीस फेऱ्या. कार्बनचा बाण हलका आणि वेगवान. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत तिने हात खाली आणला आणि तिचे बाण बंदुलाच्या आसपास जाऊ लागले. फक्त चौथा जाईना. तो दर फेरीला वरून निघून जाई.

"बू वुर," मंडळाचे प्रमुख पाक सुगोंदो मागून वुर्यानीला म्हणाले, "चौथ्या बाणाने पलीकडच्या शेतात घर बांधलंय का? दर फेरीला तिकडेच जातो."

"तुम्हाला पत्ता देते. वास्तुशांतीला जा."

"माझ्याकडे बघू नका हं," अजेंग म्हणाली. "चारही एकाच पेटीतले आहेत."

वीस फेऱ्यांत चौथा बाण एकदाही लागला नाही. पुढच्या क्लिवोनला निवड होती.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेला पोत्यांची रास लावून सराव करू लागली. वहीत दर बाणाचा रकाना आखला. आधी तिने बाणांची अदलाबदल केली, म्हणजे चौथा होता तो पहिल्यांदा, पहिला होता तो शेवटी. तरी वर गेला तो शेवटचाच. तीन दिवस तिने हाच प्रयोग क्रम बदलून केला. बाण कोणताही असो, चौथ्या वेळी सोडलेला वीतभर वर जात होता. म्हणजे दोष बाणात नव्हता.

मग तिला तराजूचे आकडे आठवले आणि सगळं जुळलं. जुना चौथा बाण जड होता. जड बाण हळू जातो आणि जास्त पडतो. अकरा वर्षांत तिचा हात नकळत शिकला होता की चौथा थोडा उंच सोडायचा. आता चारही बाण सारखे झाले तरी हात जुनंच करत होता. तिने हिशेबही केला. साडेतीन ग्रॅमच्या फरकाने तीस मीटरवर साधारण वीतभरच फरक पडायला हवा होता. तिला हायसं वाटलं. हात जे शिकला ते विसरेलही, दिवस तेवढे थोडे होते.

तरी एकदा विचारावं म्हणून ती म्बाह दिमुनकडे गेली. म्हातारा ओसरीत बसून सातेच्या, मांस ओवून भाजायच्या, काड्या सोलत होता. आता तेवढंच काम चाचपून जमत होतं. सुनेने चहा आणि टॅपिओकाचे तळलेले गरम गेब्लेक आणून ठेवले.

"म्बाह, तुमचा चौथा बाण बाकीच्यांपेक्षा साडेतीन ग्रॅम जड आहे."

"असेल."

"चुकून झाला?"

"बांबूच्या बाबतीत मी चुकतो का, न्दुक?" वुर्यानी अठ्ठेचाळीसची होती, पण त्यांच्या लेखी पोरगीच. "क्रम मोडू नकोस म्हणून सांगितलं होतं की नाही? खाचेजवळ एक ते चार खुणा करून दिल्या होत्या."

"दिल्या होत्या. मी कधी मोडला नाही."

"मग झालं तर."

"पण जड का केलात?"

त्यांनी काडी ओठांवरून फिरवली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली. "बाण करायच्या आधी मी दोन बैठका तुझ्या मागे येऊन बसलो होतो. आठवतं?"

"तुम्ही झोपला होतात."

"डोळे किलकिले केले म्हणजे लगेच झोपलो? पहिले तीन बाण तू नीट सोडायचीस. चौथ्याच्या वेळी तुझा डावा गुडघा उठायचा. मांडीखालच्या पायाला मुंग्या येत असतील, म्हणून अंग या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर घ्यायचीस. गुडघा उठला की धनुष्य उठतं. दर वेळी तेवढंच, ना कमी ना जास्त. चुकण्यात इतकी शिस्त मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. त्या मापाने चौथा भारी केला."

वुर्यानीने हातातला चहा खाली ठेवला. तिने गणित बरोबर मांडलं होतं, फक्त उलट्या बाजूने. हाताने बाण शिकून घेतला नव्हता. बाणच हाताच्या मापाने बेतला होता.

"अकरा वर्षं मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू गुडघ्याकडे बघत बसली असतीस. आज सांगायला नको होतं, पण तू ग्रॅम घेऊन आलीस." ते हसले. "आता बघ, गुडघा काही सोडायचा नाही तुला."

तसंच झालं. पुढचे सहा दिवस ती पहिल्या बाणापासून गुडघ्यावर लक्ष ठेवून बसली. गुडघा चौथ्या वेळी उठायचा थांबला नाहीच, उलट पहिले तीन बाणही बिघडले. वहीतल्या रकान्यांत नुसती शून्यं होती. मांडी बदलून पाहिली, पायाखाली जारिकची, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडाची, घडी ठेवून पाहिली. नव्या बसण्यात धनुष्यच अनोळखी वाटू लागलं. निवडीला तेवीस दिवस उरले होते.

शेवटी तिने भौतिकशास्त्राच्या खणातून पितळेची तार घेतली. कार्बनच्या बाणाचं टोक फिरवून निघतं. आतल्या पोकळीत तारेचे तुकडे बसवून एका बाणाचं वजन साडेतीन ग्रॅमने वाढवलं आणि खाचेजवळ हिरव्या रंगाची रेघ काढली. पहिल्याच संध्याकाळी चौथा बाण पोत्यांवरच्या खुणेला लागला. गुडघ्याचा विचार आपोआप मागे पडला. हे करताना तिला फार बरं वाटलं असं नाही. अकरा वर्षांत चौथ्या बाणाने वाजवलेली घुंगरं तिने स्वतःच्या खात्यात धरली होती. आता ती निम्मी म्हाताऱ्याची निघाली होती. पण पुर्वोरेजोला जायचं होतं.

निवडीच्या रविवारी पाक सुगोंदोंनी सगळ्यांचे बाण हातात घेऊन पाहिले. हिरव्या रेघेचा बाण त्यांनी दोनदा उचलला.

"हा जड आहे."

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"बू, चारही बाण सारखे मिळावेत म्हणून लोक कार्बन घेतात."

"माझे चार नेम सारखे नाहीत, पाक."

त्यांनी बाण परत दिला. "नियमात वजनाचं काही लिहिलेलं नाही. पुढच्या वर्षी लिहू."

वीस फेऱ्या दुपारपर्यंत चालल्या. पहिल्या दोघी अपेक्षेप्रमाणे पुढे गेल्या. तिसऱ्या जागेसाठी वुर्यानीचे एकोणतीस गुण झाले आणि अजेंगचेही एकोणतीस. शेवटची फेरी नुकतीच संपली होती, दोघी मांडी घालून जागेवरच होत्या. पाक सुगोंदोंनी जाहीर केलं, एकेक बाण, आधी अजेंग.

अजेंगने बाण सोडला. घुंगरं वाजली. पांढऱ्याला लागला होता, एक गुण.

वुर्यानीने हात बाणांकडे नेला आणि थांबली. हलका घ्यावा की जड? हा नव्या खेळीचा पहिला बाण होता की संपलेल्या फेरीचा पाचवा? फेरीत पाचवा बाण तिने उभ्या आयुष्यात मारला नव्हता. पाचव्या वेळी गुडघा काय करतो याची नोंद वहीत नव्हती. डाव्या पायाला आत्ता मुंग्या आल्याच होत्या.

"पाक, उठून पुन्हा बसू का?"

"आत्ता?"

"पहिला बाण मारायचा आहे. पाचवा मला येत नाही."

"बू वुर घरी निघाल्या," कुणीतरी मागून म्हणालं आणि चार-दोन जण हसले. पाक सुगोंदोंनी हात हलवून बस म्हणून खूण केली, ती त्यांना की तिला हे नीट कळलं नाही. ती उठली, जारिक सारखा केला, पाय झटकला, तळव्यात रक्त परत येईपर्यंत उभी राहिली. मग बसली, डावा पाय आत घेतला आणि हलका बाण उचलला. गुडघा जमिनीला टेकलेला होता. तो तिने पाहिला नाही, फक्त तसं जाणवलं.

बाण सुटला. घुंगरं वाजली नाहीत.

ती स्वतःच चालत पोत्यांपर्यंत गेली. बाण बंदुलाच्या डावीकडे होता. लाल डोक्याच्या बरोबर उंचीला, पण दोन बोटं डावीकडे. तिने बोटं लावून मोजलं. उंचीत काही चूक नव्हती.

अजेंग मागून आली. तिनेही वाकून बाण पाहिला.

"बू, तुम्ही रागावलात?"

"नाही. तू मारलास, मला नाही मारता आला."

"लोक सांगतात म्बाहनी तुमच्या गुडघ्याची खोड पकडली म्हणून." अजेंगने आवाज खाली आणला. "तुम्ही आज दिवसभर माझ्या शेजारी होतात. माझं काय चुकतं? खरं सांगा. पुर्वोरेजोला माझं हसं व्हायला नको."

तिसऱ्या बाणानंतर अजेंगचा उजवा खांदा वर येतो, हे वुर्यानीने सकाळीच पाहिलं होतं. पुर्वोरेजोला बारा दिवस होते.

"काही नाही," ती म्हणाली आणि पोत्यातून बाण उपसला. "छान मारतेस. तशीच मार."