सातवं भोक

मी एका शिंप्याच्या कमरेचा पट्टा बोलतोय. हसू नका. माणसाच्या पोटाची खबर त्याच्या बायकोच्याही आधी मला लागते.

जाड चामड्याचा, पितळी बकलाचा मी या घरात आलो तेव्हा मला पाच भोकं होती. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला बायकोनं मला त्याच्यासाठी आणलं. तेव्हा तो दुसऱ्या भोकावर असायचा. रविवारी जेवण अंगावर आलं की गुपचूप मला पहिल्यावर सोडायचा आणि "हुश्श" म्हणायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका वर्षी, सणाआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात त्यानं ठरवलं, प्रभूसाठी साधं राहायचं. कपाटातले अकरा शर्ट वाटून टाकले, दोन ठेवले. ताटात सूप, पाव, एखादं फळ. खरं सांगतो, घर किती हलकं झालं होतं! सकाळी कपड्यांवरून चिडचिड नाही, की चुलीपुढे बायकोचा जीव जात नाही. तो, ती आणि त्यांची नऊ वर्षांची लेक बिट्टी एकत्र प्रार्थना करायची, मग गप्पांना ऊत यायचा. शेजारच्या आजारी म्हातारीला रोज डबा जायचा. मीही तिसऱ्या भोकावर खूश होतो.

घोळ पुढे झाला. चाळीस दिवस संपले, सणही झाला, पण हा काही थांबेना. पाळकसाहेबांनी भर चर्चमध्ये त्याचं कौतुक केलं, आणि लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. आधी फळ गेलं. मग सूप पातळ झालं. मग सकाळचा पाव गेला. म्हातारीचा डबा कधी बंद पडला, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. चौथं भोक झालं, पाचवं झालं. भोकं संपली तशी त्यानं टोच्या घेऊन सहावं पाडलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

"अहो, जरा आरशात बघा. गालफडं बसलीत तुमची," बायको म्हणाली.

"शरीर म्हणजे काय, कापडच. आज ना उद्या विरणार."

"आणि पोरीचं काय?"

"तिला मी कुठे काय सांगतोय? तिचं ताट भरलेलं असतं."

असायचं खरं. पण ते रिकामं कसं होतं, हे त्यानं कधी पाहिलं नाही. मी टेबलाखालून पाहत होतो. बिट्टीचा पाव हळूच फ्रॉकच्या खिशात जायचा आणि तिथून खिडकीबाहेरच्या पाखरांना. मला ओरडावंसं वाटायचं. पण पट्ट्याचं कोण ऐकतं?

आज दुपारी चर्चमधून आल्यावर त्यानं सातवं भोक पाडलं आणि मला कमरेला आवळलं. टोच्या खाली ठेवतो न ठेवतो तोच बिट्टी शाळेचा पट्टा घेऊन पुढे उभी.

"बाबा, मलाही एक पाडून द्या ना. माझं शेवटचं भोकसुद्धा सैल होतंय."

तिच्या चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्याचा आनंद होता. आणि हा चक्क हसला! "माझ्यावर गेलीय," असं बायकोकडे बघून म्हणाला. मग सवयीनं गळ्यातली टेप काढून त्यानं तिच्या कमरेभोवती धरली.

शाळेचा गणवेश शिवला तेव्हा तिची कंबर तेवीस इंच भरली होती. गावभरची मापं तोंडपाठ असलेल्या माणसाला ते आठवायला वेळ लागला नाही. आज टेप वीसवर थांबली. त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा वीस.

"बाबा, देवाला आवडलं ना?"

त्यानं टोच्या उचलून शिवणयंत्राच्या खणात टाकला. बायकोनं तीन ताटं मांडली. दाट सूप, पाव, उकडलेली अंडी.

आता तिघं बसलीत. बिट्टीनं ताटाला हात लावलेला नाही. ती बाबांकडे बघतेय. ते खातील तर ती खाईल. तो मात्र मान खाली घालून पावाकडे नुसता बघत बसलाय, आणि सूप निवत चाललंय.

मालक, तिसऱ्या भोकावरही तुम्ही साधेच होतात. मला परत तिथे न्या. पण आधी तो घास तोंडात घाला. पोर बघतेय.