पंधरा दिवसांचा साठा

माझी बायको प्रतिभा गेली त्या रविवारी मी घरी बसून एक फॉर्म तयार करत होतो. सहा महिन्यांनी त्या फॉर्मची उत्तरं माझ्या टेबलावर आली. ही गोष्ट त्या उत्तरांची आहे.

मी सरकारी नोकर आहे. नाशिक रोडला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा कक्ष आहे. चार माणसं आणि तीन कपाटं. वाहतुकीला लागणारी एखादी वस्तू बाहेरच्या देशाने अडवली तर आपल्या भागातल्या गाड्या किती दिवस चालतील, हे आम्ही शोधतो आणि मुंबईला टिपण पाठवतो. नातेवाइकांना हे समजावून सांगताना माझी पंचाईत व्हायची. मग प्रतिभाच सांगायची, "जी अडचण अजून आलीच नाही, तिचे हे कारकून आहेत."

या वेळी विषय युरियाचा होता. शेतात टाकतात तो नाही. नव्या डिझेल ट्रकला डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक छोटी टाकी असते. तिच्यात शुद्ध युरिया विरघळवलेलं पाणी भरतात, त्यामुळे धुरातलं विष कमी होतं. ड्रायव्हर लोक त्याला नुसतं युरियाच म्हणतात. ती टाकी रिकामी झाली की ट्रकची ताकद उतरते, आणि एकदा बंद केला की तो पुन्हा सुरू होत नाही. डिझेल काठोकाठ भरलेलं असलं तरी नाही. हा शुद्ध युरिया बराचसा परदेशातून येतो. उद्या तो यायचा थांबला तर आमचा कांदा, द्राक्षं आणि सातपूरच्या कारखान्यांचा माल, सगळं जागेवर उभं राहील.

म्हणून मी अडतीस ट्रान्सपोर्टवाल्यांना विचारलं होतं, तुमच्याकडे किती दिवस पुरेल इतका युरिया आहे? जवळजवळ सगळ्यांनी पंधरा दिवस लिहिलं. कुणी बारा, कुणी वीस. मी टिपणात लिहिलं, 'नाशिक भागात सरासरी पंधरा दिवसांचा साठा आहे.' ज्या भागात दहा दिवसांपेक्षा कमी साठा असेल, तिथे सरकार राखीव साठा ठेवणार होतं. कुठे ठेवायचा ते गुरुवारच्या बैठकीत ठरणार होतं. आमचं नाव 'सुरक्षित' या यादीत गेलं. टिपणाखाली माझी सही होती.

मंगळवारी दुपारी भिका आला. नामपूरचा माणूस. अकरा ट्रक आहेत, कांदा भरतो. त्याचा एकट्याचाच फॉर्म यायचा राहिला होता. त्याच्याशिवायच मी टिपण पाठवून दिलं होतं, पण तसं त्याला सांगितलं नाही. त्याने टोपी काढली आणि आधी माझ्या बायकोबद्दल चार शब्द बोलला. मग फॉर्म पुढे केला.

त्याच्या फॉर्मवरही पंधरा दिवस होते.

मी त्याच्या जागेवर एकदा गेलो होतो. मार्केटशेजारी मोकळं मैदान आहे, एक लिंबाचं झाड आणि एक पाण्याचा ड्रम. शेड नाही, पत्रा नाही. सहज विचारलं, "भिकाभाऊ, पंधरा दिवसांचे कॅन ठेवता कुठे? झाडाखाली?"

तो हसला. "झाडाखाली कशाला साहेब. ज्ञानेशशेठकडे शे ना. सातपूरले. त्यांनी शब्द देल शे, पंधरा दिवसाचा माल तुमच्या नावानं बाजूले शे म्हणे. आपलंच गोडाऊन शे ते."

"पण मी तुमच्याकडे किती आहे ते विचारलं होतं."

"मग तेच तर लिहिलं."

त्याचं चुकलं नव्हतं. त्याच्या धंद्यात शब्दाला माल मानतात. युरिया विकणाऱ्या शेठने हो म्हटलं की माल आपला. चूक माझी होती. कुठे ठेवला आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

तो गेल्यावर मी फोन घेऊन बसलो. प्रत्येकाला एकच प्रश्न, तुमचा साठा कुठे आहे? पहिल्या सहाजणांनी एकच नाव सांगितलं. संध्याकाळपर्यंत अडतीसपैकी एकतीसजणांनी ज्ञानेशशेठचं गोडाऊन सांगितलं होतं.

फोन खाली ठेवला आणि मला आमचा जिना आठवला.

आमच्या कॉलनीत चोवीस घरं आहेत. मोटारसायकली पुष्कळ, कार एकच. बुद्धभूषणची. आमच्याच जिन्यात पहिल्या मजल्यावर राहतो तो, पस्तिशीचा आहे. कॉलनीत कुणाच्या तब्येतीचा विषय निघाला की लोक म्हणायचे, काही झालं तर बुद्धभूषणची गाडी आहेच. मीही म्हणायचो. त्या रविवारी तीनच्या सुमारास प्रतिभा मेथी निवडत बसली होती. छातीत दुखतंय म्हणाली आणि तिथेच आडवी झाली. मी खाली धावलो. बुद्धभूषणच्या दाराला कुलूप होतं, गाडी खाली उभी ठेवून तो बसने सासुरवाडीला सटाण्याला गेला होता. मी आणखी चार दारं वाजवली. चारही दारांतून एकच उत्तर आलं, अहो, बुद्धभूषणची गाडी आहे ना. शेवटी रिक्षा मिळाली. चाळीस मिनिटं गेली होती. थोडं आधी आणलं असतं तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही.

तेव्हापासून मी बुद्धभूषणशी बोललो नव्हतो. प्रतिभाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याने खुर्च्या लावल्या, शेवटपर्यंत थांबला. मी मान वर केली नाही.

बुधवारी सकाळी मी सातपूरला गेलो. ज्ञानेशशेठने चहा मागवला, मी आधी गोडाऊन बघू म्हटलं. प्रतिभा शाळेत शिकवायची. हजेरी घेताना ती प्रत्येक नावाला मान वर करून बघायची. म्हणायची, आवाज ऐकून खूण करायची नाही, एक मुलगा तीन मुलांची हजेरी देतो. मी कॅन मोजले. रांगेत वीस, अशा वीस रांगा. वीस लिटरचे चारशे कॅन.

"आणखी कुठे आहेत?"

"एवढेच. सोमवारी गाडी येते."

"शेठ, तुम्ही एकतीसजणांना पंधरा दिवसांचा शब्द दिलाय."

"दिला. खोटा नाही दिला. कुणीही एक जण आला तर पंधरा दिवसांचा माल उचलून देईन, आत्ताच्या आत्ता."

"आणि सगळे आले तर?"

"सगळे कशाला येतील?" तो मला लहान मुलाला समजवावं तसं सांगू लागला. "लग्नाच्या हजार पत्रिका वाटतात साहेब. जेवायला येतात सहाशे. स्वयंपाक सहाशेचाच करतात. तुम्ही पण केला असेल."

"हजार आले तर?"

"तर आमटीत पाणी."

"याच्यात पाणी घालता येतं का?"

"छे छे. गाडी लगेच ओळखते. माणसांपेक्षा हुशार असते ती." तो हसला, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला. "माझं काही चुकलं का?"

"नाही," मी म्हटलं. "पण सगळे तुमच्या एकट्याच्याच भरवशावर आहेत, हे तुम्हाला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं."

या एकतीसजणांचे मिळून सहाशे चाळीस ट्रक आहेत. दिवसाला साधारण एकशे नव्वद कॅन लागतात. म्हणजे आमचे पंधरा दिवस हे खरं तर दोन दिवस होते.

दुपारी मी शुभांगी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. त्या आमच्या कक्षाच्या प्रमुख, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गांगुर्डे, सुट्टी घ्या म्हटलं तर तुम्ही घेत नाही. आणि बैठकीच्या आदल्या दिवशी हे घेऊन येता."

"हो मॅडम."

"टिपण मंत्रालयात वाचून झालंय. वर कौतुक झालंय त्याचं, नाशिकची तयारी चांगली म्हणून. आता मी काय सांगू, की आम्ही एकच गोडाऊन एकतीस वेळा धरलं?"

"असंच सांगावं लागेल."

"युरिया उद्याच थांबणार आहे असं थोडंच आहे. पुढच्या तिमाहीत दुरुस्ती करू. कुणाला कळणार पण नाही."

त्या वाईट बाई नाहीत. त्यांच्या जागी मीही कदाचित हेच म्हटलं असतं. सहा महिन्यांपूर्वी तर नक्कीच म्हटलं असतं.

"मॅडम," मी म्हटलं, "ज्या दिवशी लागेल त्या दिवशी सगळे एकाच दारात जातील. दाराला कुलूप असेल. मी ते दार बघितलंय."

त्यांना प्रतिभाचं माहीत होतं, गाडीचं नव्हतं. मी सांगितलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग त्यांनी चष्मा लावला.

"दुरुस्तीचं टिपण तुमच्या सहीने जाईल. लेखी खुलासा मागतील तुमच्याकडे. बढतीच्या वेळी तो कागद निघेल."

"निघू दे."

"उद्या बैठकीत तुम्हीच बोला. मला तो लग्नाचा दाखला नीट सांगता येणार नाही."

गुरुवारी मी स्क्रीनसमोर बसून बोललो. पलीकडे चौदा चेहरे होते. एकाने विचारलं, अशी चूक झालीच कशी? मी म्हटलं, आम्ही आवाज मोजले, कॅन मोजले नाहीत. जळगावच्या अधिकाऱ्यांनी माइक बंद करून कुणाला तरी फोन लावलेला दिसला. धुळ्याच्या बाई म्हणाल्या, आमचेही आकडे आठवडाभर थांबवा. नाशिकचं नाव 'सुरक्षित'मधून काढलं. राखीव साठा मिळेल की नाही, ते पुढच्या बैठकीत ठरेल. मला खुलाशाचं पत्र त्याच संध्याकाळी आलं. शुभांगी मॅडमनी ते स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "उत्तर लहान लिहा. तुम्हाला लांब लिहायची सवय आहे."

घरी आलो तेव्हा बुद्धभूषण खाली गाडी पुसत होता. रोज मी त्याच्याकडे न बघता जिना चढायचो. त्या दिवशी थांबलो. मला काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. त्याच्या हातातला फडका थांबला.

"जय भीम काका."

"जय भीम." मग मी विचारलं, "बुद्धभूषण, कॉलनीत काही झालं तर तुझी गाडी आहे, असं सगळे म्हणायचे. तुला माहीत होतं?"

त्याने फडका बॉनेटवर ठेवला. "गाडी लागते कधीमधी, हे माहीत होतं. सगळ्यांची भिस्त फक्त माझ्यावर आहे, असं मला कधी कुणी सांगितलं नाही काका. माहीत असतं तर जाताना चावी ठेवून गेलो असतो. दीपकला चालवता येते, वरच्या मजल्यावरच्या."

"मीपण नाही सांगितलं."

"त्या दिवसापासून मी सटाण्याला गेलेलो नाही," तो म्हणाला. "बायको चिडते."

सहा महिने मी त्याच्यावर राग धरून होतो. त्याने मला कसलाच शब्द दिला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. ज्ञानेशशेठने निदान शब्द तरी दिला होता. याला तर कुणी विचारलंही नव्हतं. आम्ही चोवीस घरांनी परस्पर त्याची गाडी आपली धरली होती.

"जा सटाण्याला," मी म्हटलं. "जाताना चावी माझ्याकडे दे."

"तुम्हाला कुठे चालवता येते?"

"नाही येत. पण दीपक घरी आहे की नाही, ते वर जाऊन बघता येतं."

तो हसला नाही, पण त्याने मान हलवली. शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात तो आणि त्याची बायको होती, हातात पिशव्या. त्याने चावी दिली. मी ती दाराजवळच्या खिळ्याला लावली. तिथे प्रतिभाची शाळेची पिशवी असायची. मग दोन जिने चढून वर गेलो आणि दीपकचं दार वाजवलं. तो दाढी करत होता, अर्ध्या तोंडाला फेस.

"काय झालं काका?"

"काही नाही," मी म्हटलं. "आहेस ना, ते बघायला आलो."